बंदरातलं पाणी

ता. ९, रविवार, दुपार

चि. जांभळीस,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. माझा गुडघा कुरकुरतो, पण तुझ्या मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून माझ्या गुडघ्याला या घरात कोणी विचारत नाही. खालच्या दुकानाच्या शटरला तेल दिलं. रंगकाम बंद करून इतके दिवस झाले, तरी परवा एक जुन्या बाई पडदे घेऊन आल्या आणि 'पूर्वी होता तसाच निळा हवा' म्हणून जिन्यात बसून राहिल्या. मी म्हटलं, बाई, पूर्वी होता तो निळा आता तुमच्या डोळ्यांत आहे, कापडात नाही. तरी पडदे ठेवून गेल्या.

काल तू फोनवर एवढ्या मोठ्याने बोलत होतीस की आईने स्वयंपाकघरातून सगळं ऐकलं, आणि फोन ठेवल्यावर तिने तेच मला पुन्हा सांगितलं. तुला सभेत बोलायला बोलावलंय, तेही पहिल्याच सत्रात, देशोदेशीच्या लोकांसमोर. ही बातमी शिवणवाल्या बाईंना, दूधवाल्याला आणि जिन्यात जो भेटेल त्याला सांगून झाली. दूधवाला म्हणाला, "म्हणजे ताई शेवाळाच्या डॉक्टर ना?" आई म्हणाली, "शेवाळाच्या नाही, समुद्राच्या." त्याने मान डोलावली आणि अर्धा लिटर जास्त ओतलं.

मला जे कळलं ते लिहितो, चुकलं असेल तर सांग. समुद्रात डोळ्यांना न दिसणारे हिरवे ठिपके असतात. एकेक ठिपका म्हणजे एक अख्खी वनस्पती. आपण जी हवा श्वासात घेतो त्यातला जवळजवळ अर्धा प्राणवायू असल्या न दिसणाऱ्या जिवांनी तयार केलेला. वर उन्हात राहणारे वेगळे आणि खाली, जिथे उजेड संध्याकाळसारखा होतो तिथे राहणारे वेगळे. सूक्ष्मदर्शकाखाली दोघंही सारखेच दिसतात. कोण कुठला हे कळायचं तर त्यांच्या आतलं लिखाण, जनुकं का काय ते, वाचावं लागतं. तू जहाजावरून खोल पाणी उपसून खालच्यांना वेगळं केलंस आणि बाटल्यांत वाढवलंस. त्यात तुझी किती वर्षं गेली ते आम्ही पाहिलंय. आणि आता वाचल्यावर निघालं की खालच्यांच्या आत वरच्यांचंच लिखाण आहे. अंधारात राहूनही त्यांची उन्हात जगायची सगळी तयारी आहे. समुद्र तापत चाललाय, तेव्हा याचा अर्थ फार मोठा आहे, असं तू म्हणालीस. 

मलाही आनंद झाला. तुला वाटलं असेल बाबा गप्पच का होते. मी चहा पीत होतो.

एक सहज विचारतो. समजा अशा बाटलीत चुकून बाहेरचं पाणी गेलं, तर तुम्हा लोकांना ते कळतं का? म्हणजे तशी काही तपासणी असते का? सहज मनात आलं. उत्तर सवडीने दे.

तू म्हणालीस की तुमच्या प्रमुख बाईंनी विचारलं, "तू जहाजावर असताना बाटल्या कुठे होत्या?" आणि तू ठणकावून सांगितलंस, "माझ्या बाबांकडे. हलवण्यापलीकडे त्यांनी बोटसुद्धा लावलं नसेल." हे तू मला हसत हसत सांगितलंस. बाईंना एवढं ठणकावून कशाला सांगायचं? वडीलधाऱ्यांशी जरा सांभाळून बोलावं.

आणि ते आभाराचं. निबंधाच्या शेवटी माझे आभार मानणार आहेस म्हणे. नको. खरंच नको. मी काय केलं? खालची रंगाची खोली थंड आणि अंधारी होती, तुमच्या संस्थेतल्या थंड खोलीची दुरुस्ती निघाली होती, म्हणून तू बाटल्या इथे आणल्यास. आभार मानायचे तर खोलीचे मान. माझं नाव छापलंस तर मला आवडणार नाही, हे मी रागावून सांगतोय असं समज.

आईने तुला गरम मोजे विणायला घेतलेत. रंग मी निवडलेला नाही, तेव्हा तक्रार तिच्याकडे कर.

सभा बुधवारी, एकोणीसला, हे नक्की ना? पुढे ढकलली वगैरे जात नाही का?

तुझे
बाबा


ता. १३, गुरुवार, सकाळ

चि. जांभळीस,

तुझा निरोप मिळाला. 'बाबा, बाहेरचं पाणी आत जायला आधी कोणीतरी झाकण उघडायला लागतं,' असं लिहून पुढे तू हसरं तोंड काढलंयस. ते मी पुन्हा पुन्हा पाहिलं.

हे पत्र कुरियरने पाठवतोय, म्हणजे उद्या तुझ्या हातात पडेल. तू पत्रं उभ्याउभ्या वाचतेस. हे बसून वाच.

आधी मुद्द्याचं लिहितो, नाहीतर पुन्हा गुडघ्यावर घसरेन. ज्या बाटल्या तू माझ्याकडून नेल्यास, त्यात तुझ्या समुद्रातलं काहीच नव्हतं. त्यात आपल्या बंदरातलं पाणी होतं. ते मी भरलं. तू वाचलंस ते बंदराचं लिखाण आहे. खालच्यांच्या अंगात उन्हाची तयारी निघाली, कारण ते खालचे नव्हतेच.

सभेत बोलू नकोस.

आता कसं झालं ते सांगतो. गेल्या वर्षी तू पुन्हा जहाजावर गेलीस आणि पाठोपाठ आई मावशीच्या शुश्रूषेला गेली. घरात मी एकटा. तू सांगितलं होतंस तसं रोज सकाळी खाली जायचो, प्रत्येक बाटली हळूच हलवायचो आणि परत ठेवायचो. मला बरं वाटायचं. दुकान बंद केल्यापासून सकाळी उठून खाली जाण्यासारखं काही उरलं नव्हतं.

एक दिवस त्या खोलीतला दिवा गेला. जुना पिवळा दिवा होता. मी नवा आणून लावला, पांढरा. दुसऱ्या दिवशी पाहतो तो तुझ्या सगळ्या बाटल्या फिक्या पडलेल्या. रंग उतरलेला.  आता तूच सांग, मी कोण? रंगारी. जन्मभर हाताखालच्या पोरांना ओरडून सांगितलं की शेड बघायची तर नेहमी एकाच उजेडात बघायची, दिवा बदलला की रंग बदलतो. दाराबाहेर नेऊन कापड दाखवणाऱ्या गिऱ्हाइकांशी भांडलो. आणि माझ्या डोक्यात आलं नाही की बाटल्या फिक्या पडलेल्या नाहीत, दिवा पांढरा झालाय. हे मला कधी समजलं ते पुढे सांगतो. तेव्हा उशीर झाला होता.

मला वाटलं, पोरीची झाडं मरायला टेकली. शेवटी झाडंच ना ती? झाडाला काय लागतं, ऊन. तू 'ऊन अजिबात नको' म्हणाली होतीस हे मला आठवत होतं. विसरलो असं मी लिहिणार नाही. पण मला वाटलं, निरोगी असताना नको, आजारात चालत असेल. आणि मनात आणखी एक होतं, तेही लिहितो. तू परत येशील तेव्हा बाटल्या हिरव्यागार दिसाव्यात आणि तू म्हणावंस की बाबांच्या हाताला गुण आहे. बाटल्या ट्रेमध्ये घालून मी गच्चीवर नेल्या. दोन दिवस उन्हात ठेवल्या. तिसऱ्या दिवशी पाणी नितळ झालं होतं, तळाशी जरासा पांढरा गाळ. हलवलं तर तो वर आला आणि पुन्हा खाली बसला. मेलेला रंग ओळखायला मला सूक्ष्मदर्शक लागत नाही.

तेव्हा तुला निरोप पाठवायला हवा होता. जहाजावर निरोप देता येतो, नंबर भिंतीवर लिहिलेला होता. मी फोनपर्यंत गेलोही. मग दुकानातली सवय आडवी आली. आमच्या धंद्यात लॉट बिघडला की कोणी गिऱ्हाइकाला फोन करत नाही. पुन्हा भिजवायचं, पुन्हा रंगवायचं, नमुन्याशी शेड जुळवायची, इस्त्री करून द्यायचं. शेड जुळली की कोणी काही विचारत नाही. मी हे असं कितीदा केलंय ते तुझ्या आईलाही ठाऊक नाही.

धक्क्यावरून दोन कॅन पाणी आणलं. आईच्या कपाटातली तलम रेशमी ओढणी चौपदरी करून त्यातून तीनदा गाळलं, म्हणजे कचरा आणि मोठे किडे-बिडे राहिले वर. तू ठेवून गेली होतीस ते खाद्य त्यात घातलं आणि खिडकीत ठेवलं. आठवड्याभरात असं हिरवं झालं म्हणून सांगू! मला आनंद झाला, हे लिहिताना कानाच्या पाळ्या तापतात. मग थोडं पाणी घाल, थोडं गडद कर, असं करत तुझ्या प्रत्येक बाटलीची शेड आठवून आठवून जुळवली. जुनं ओतून दिलं, नवं भरलं. बाटल्यांवर तुझ्या चिठ्ठ्या तशाच होत्या, नंबर, तारीख आणि खाली तुझी सही. त्यांना धक्का लागू नये म्हणून मी बाटल्या मानेला धरून भरत होतो.

तू आलीस, बघितलंस आणि म्हणालीस, "बाबा, काय गुबगुबीत झालीत सगळी!" आणि मला मिठी मारलीस. तेव्हा तरी बोलायचं. तू जेवायला बसलीस तेव्हा. बाटल्या गाडीत ठेवताना. मी दोरी बांधून दिली, गाठ पक्की आहे का ते दोनदा बघितलं आणि तू गेल्यावर चहा केला.

मला वाटलं होतं, तू त्यांना वाढवशील, बघशील, झालं. दिसायला सारखेच आहेत असं तूच म्हणाली होतीस. तू त्यांच्या आतलं वाचशील, त्यावर वर्ष घालवशील, त्यासाठी उभी राहून भांडशील, हे माझ्या डोक्यात आलं नाही. शनिवारी तुझा फोन आला तेव्हा कळलं. तेव्हापासून फोन हातात घेतो, तुझं नाव येतं आणि मी ठेवून देतो. फोनवर तू हसतेस. हसणाऱ्या माणसाला हे कसं सांगायचं?

काल आईने ती ओढणी काढली. नाकाला लावली. "अहो, हिला समुद्राचा वास कसा?" मी म्हटलं, दमट हवा.  मग म्हणाली, "दमट हवेला शेवाळ लागतं का?" ओढणीच्या मधोमध हिरवट डाग होता. रंगाऱ्याच्या घरात डाग काढता आला नाही. मी तिला सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. फक्त म्हणाली, "तिला कधी सांगणार?" आणि आत गेली. तेव्हापासून ती माझ्याशी मीठ हवं का एवढंच बोलते.

पत्र घाईचं झालंय. खाडाखोड तशीच राहू दे.

बाबा


ता. २२, शनिवार, सकाळी अकराचा सुमार

चि. जांभळीस,

हे पत्र मी तुमच्या संस्थेच्या फाटकासमोरच्या बाकावर बसून लिहितोय. पाटीच्या जागी गुडघा आहे, म्हणून अक्षर वेडंवाकडं. फाटकावरचा पहारेकरी मघापासून माझ्याकडे बघतोय. त्याला सांगितलं की मुलीसाठी सामान आणलंय. तो म्हणाला, "मग वर जा ना, काका." मी म्हटलं, आधी लिहून होऊ दे.

गेल्या शनिवारी तू आलीस तेव्हा मी तयारी करून बसलो होतो. तू ओरडशील, मी ऐकून घेईन. तू ओरडली असतीस तर बरं झालं असतं. तू बूट काढलेस, आईला जवळ घेतलंस आणि खाली रंगाच्या खोलीत गेलीस. मी मागोमाग. तू दिवा लावलास, बघितलास आणि म्हणालीस, "हाच का तो?" मी मान हलवली. तू तो बंद केलास, पुन्हा लावलास. मग विचारलंस, "बाबा, फोन का नाही केलात? मला राग आला असता, एवढंच ना?" आणि मी काय म्हणालो? "शेड जुळली होती गं." तू माझ्याकडे असं बघितलंस, जसं आपण दुसऱ्याच्या म्हाताऱ्याकडे बघतो.

मग तू म्हणालीस की सभेतून नाव काढून घेतलंस. बाईंना काय सांगितलंस ते मी विचारलं. तू म्हणालीस, "सांगितलं, माझी चूक झाली. बाटल्या मी नीट ठेवल्या नाहीत." मी म्हटलं, माझं नाव सांगायचंस. तू म्हणालीस, "सही माझी आहे बाबा, बाटलीवर. ज्याची सही त्याची जबाबदारी, आमच्यात असंच असतं." हे तू मला टोचायला बोलली नव्हतीस. तुमची रीत सांगितलीस. मला ते टोचायला बोललेल्यापेक्षा जास्त लागलं.

आणि मग तू विचारलंस, "एकही उरली नाही? नीट आठवा. कुठे थोडं तळाशी? एक थेंब जरी मूळचा असता ना, तरी मी पुन्हा सगळं उभं केलं असतं." मी म्हटलं, "नाही."

तू "बरं" म्हणालीस. वर येऊन आईने केलेला चहा अर्धा प्यायलीस, डागाची ओढणी नीट घडी घालून ठेवलीस आणि संध्याकाळच्या गाडीने गेलीस.

मी खोटं बोललो. एक उरली होती.

आता हे संपूर्ण लिहितो. मागच्या पत्रात मी लिहिलं की दिवा बदलल्याचं मला कधी समजलं ते पुढे सांगतो, आणि मग सांगितलंच नाही. तू सरळ मनाची, तुझ्या ते लक्षात आलं नसेल. आईच्या आलं. ती म्हणाली, "पत्रात एक गोष्ट गाळली आहेत तुम्ही." कुठली, ते तिलाही माहीत नव्हतं. पण माझी गाळायची पद्धत तिला माहीत आहे.

बाटल्या गच्चीवर नेल्या तेव्हा ट्रेमध्ये एक मावली नव्हती. ती कपाटाच्या मागच्या बाजूला तशीच राहिली. मला आठवणच नव्हती. बंदरातलं पाणी भरून, शेड जुळवून, सगळ्या बाटल्या ओळीने लावताना ती मला दिसली. तुझी खरी बाटली. जिवंत. आणि तिचा रंग बाकीच्यांसारखा नव्हता. बाकीच्या गर्द हिरव्या, ही फिकी, जरा मेंदीकडे झुकणारी. तिला हातात घेऊन उभा होतो आणि वर बघितलं तो पांढरा दिवा. तेव्हा समजलं. या उजेडात हाच खरा रंग. काही फिकं पडलंच नव्हतं. मी पिवळ्या दिव्याखालचा रंग डोक्यात धरून पांढऱ्या दिव्याखाली शेड जुळवली होती. सगळ्या चुकीच्या, आणि सगळ्या एकमेकींसारख्या. एकच वेगळी दिसत होती आणि तीच बरोबर होती.

त्या वेळी मी काय करायला हवं होतं हे शिवणवाल्या बाईंनाही कळलं असतं. बाटली हातात होती. भिंतीवर नंबर होता. तुझं सगळं त्या एका बाटलीत शिल्लक होतं. मी काय केलं? ती ओळीत ठेवली असती तर तू आल्याबरोबर विचारलं असतंस, "ही अशी कशी?" म्हणून तिच्यावरची चिठ्ठी जशी होती तशी दुसऱ्या चिठ्ठीवर उतरवली, नंबर, तारीख, आणि खाली तुझी सही. तुझी सही मला येते, शाळेच्या प्रगतिपुस्तकावर तू माझी करायचीस तशीच. तुझी एक रिकामी बाटली बंदराच्या पाण्याने भरून तिच्यावर ती चिठ्ठी चिकटवली. संख्या भरली. आणि खरी बाटली जुन्या रंगाच्या डब्यांमागे सरकवली.

ऊन दाखवलं ते अडाणीपणाने. पाणी भरलं ते घाबरून, असं म्हणता येईल. पण ही बाटली मी विचार करून लपवली, आणि तिथेच मी घाबरट राहिलो नाही, लबाड झालो. मागच्या पत्रात मी एवढं सगळं कबूल केलं, शरमेने मान खाली घातली, आणि ही तेवढी गाळली, कारण हिच्याशिवाय मी नुसता चुकलेला बाप दिसत होतो. तू एक थेंब म्हणालीस तेव्हा मी कपाटाला पाठ लावून उभा होतो. डबे माझ्या खांद्यामागे होते. हात मागे केला असता तर लागली असती.

का नाही केला? आठवडाभर तेच विचारतोय स्वतःला. मला वाटतं, तुझ्या नजरेत जे थोडं उरलं होतं ते मला ठेवायचं होतं. तुझं अख्खं काम एका पारड्यात आणि तुझ्या नजरेतला माझा तो उरलेला तुकडा दुसऱ्यात, आणि मी तुकडा निवडला. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती. सकाळी दाढी करताना आरशात गळ्यापासून वर बघत नाही.

काल रात्री आईला सांगितलं. तिने ताट बाजूला केलं. म्हणाली, "ती जिवंत आहे का?" मी म्हटलं, वाटतं तरी. "वाटतं म्हणजे?" मी म्हटलं, रोज हलवतो. ती म्हणाली, "म्हणजे तेव्हापासून रोज खाली जाऊन हलवताय? आणि पोरीला नाही म्हणालात?" हो. रोज. फेकून देता आली नाही. मूळ नमुन्याचा तुकडा रंगारी फेकत नाही, ही एक सवय तरी चांगली निघाली म्हणावं, तर तीही लपवण्यातच गेली. आई म्हणाली, "आत्ताच्या आत्ता उठा." रात्रीची गाडी नव्हती, म्हणून आज पहाटेची धरली.

बाटली सोबत आहे. काळ्या कापडात दोन वेढे गुंडाळून डब्यात ठेवली, डबा मांडीवर. वाटेत एकदाही उघडून बघितलं नाही, गाडीत ऊन होतं. झाकण तू बंद केलंस त्यानंतर कोणी उघडलेलं नाही. तळाशी बरंच बसलंय, पण काल हलवली तेव्हा रंग वर आला. फिका, मेंदीकडे झुकणारा. तिच्यात कोण जिवंत आहे ते तू बघ, मी आता रंगावरून काही सांगणार नाही.

तुमच्या बाईंना मी वेगळं पत्र लिहिलंय, ते डब्यात ठेवलेलं नाही. त्यात सगळं आहे, गच्ची, धक्का, चिठ्ठी, डब्यांमागची जागा. तू ते द्यायचं नाही असं मनात आणशील, म्हणून पाकिटावर त्यांचा हुद्दा घातलाय आणि पहारेकऱ्याला बजावलंय की हे त्यांच्याच हातात द्यायचं. तुझ्यावर उपकार म्हणून नाही. माझं केलेलं तू तुझ्या नावावर घेतलंस, ते परत मागतोय.

आई म्हणाली, माफी माग. मागायला आलो होतो. पण माफी मागितली की तुला हो किंवा नाही म्हणावं लागेल, आणि तुला सध्या इतर कामं आहेत. आधी बाटलीचं बघ.

हे पत्र आणि डबा पहारेकऱ्याकडे देतो. मी इथेच बाकावर आहे. संध्याकाळची गाडी आहे, तोवर थांबतो. बोलावलंस तर वर येईन, नाही बोलावलंस तर समजेन, आणि घरी गेल्यावर आईला खरं सांगेन की नाही बोलावलं.

बाटलीवरची चिठ्ठी तुझी आहे. नंबर, तारीख, सही, सगळं तुझ्या हातचं, मी काही उतरवलेलं नाही, आणि आत जे आहे तेही तुझंच आहे. या पत्रात जे आहे ते माझं, म्हणून खाली सही करतो.

बंदरातलं पाणी भरणारा,
तुझा बाप